तक्रार कुणाकडे, हद्द कुणाची?

मंडळी, मागच्या खेपेला आपण सत्ता विभागलेली का असावी यावर बोललो. पार माँतेस्क्यूपर्यंत जाऊन आलो. शेवटी एका श्रोत्याने विचारलं, "सर, हे सगळं ठीक, पण माझा मोबाइल लोकलमध्ये चोरीला गेला तर मी जायचं कुठे?" प्रश्न आम्हांला आवडला. आज त्याचंच बोट धरून चालू, आणि तेही वसई-विरारच्या वाटेने.

वसई रोडच्या फलाटावर उभे राहिलात तर खाकी दोन प्रकारची दिसेल. रेल्वे सुरक्षा दल हे केंद्राचं, १९५७ च्या कायद्याने आलेलं. रेल्वेची मालमत्ता आणि प्रवासी यांची राखण हे त्याचं काम. लोहमार्ग पोलीस राज्याचे. डब्यातली चोरी, मारामारी, रुळांवरचा मृत्यू यांची नोंद आणि तपास त्यांच्याकडे. इथलं लोहमार्ग ठाणं मुंबईच्या लोहमार्ग पोलीस आयुक्तांच्या हाताखाली येतं. जिना उतरून रिक्षास्टँडवर आलात की शहर पोलिसांची हद्द लागते. म्हणजे खिसा वर कापला की खाली, यावर ठाणं बदलतं. चोराला अर्थात यातलं काही ठाऊक नसतं.

ही विभागणी संविधानाच्या सातव्या अनुसूचीतली. पोलीस हा विषय राज्यसूचीत आहे, आणि 'रेल्वे व ग्राम पोलीस धरून' असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. महापालिकेला पोलीस नाहीत. ती नोटीस देते, अनधिकृत बांधकाम पाडते, फिर्याद देते, पण बंदोबस्त मागायला तिला पोलिसांकडेच जावं लागतं.

राज्याच्या पोलिसांतही रचना बदलत आली. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला, तोवर वसई ठाणे ग्रामीण अधीक्षकांकडे होती. मग ती पालघरच्या अधीक्षकांकडे गेली. १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झालं. गंमत पाहा, मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात, वसई पालघर जिल्ह्यात, मधे खाडी, आणि आयुक्त एक. आयुक्तांना दंडाधिकाऱ्याचे काही अधिकारही असतात. जमावबंदीचा आदेश वसईत आयुक्तांच्या यंत्रणेकडून निघतो, तर डहाणूत महसूल खात्याचे दंडाधिकारी तो काढतात.

आता वरचे मजले. सीबीआय १९४६ च्या कायद्यावर चालते आणि राज्यात तपास करायला तिला राज्याची संमती लागते, किंवा उच्च वा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश. महाराष्ट्राने सर्वसाधारण संमती २०२० च्या ऑक्टोबरात काढून घेतली, २०२२ च्या ऑक्टोबरात पुन्हा दिली. मधे सरकार बदललं होतं, एवढंच सांगतो. एनआयए २६/११ नंतरची. तिला अशी संमती लागत नाही, पण तिच्या कायद्याच्या यादीतलेच गुन्हे ती घेते. ईडी अर्थखात्याची.

लोकांना वाटतं, ईडी म्हणजे सगळ्यांच्या वर. नालासोपाऱ्यात पाहा काय झालं. सांडपाणी प्रक्रिया आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जमिनीवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०२५ च्या सुरुवातीला त्या पाडल्या. घरं घेतलेल्यांचे संसार रस्त्यावर आले. पुढे ईडीचे छापे पडले. पण ईडीला पैशाच्या मागावर जायला आधी कुणीतरी मूळ गुन्हा नोंदवलेला असावा लागतो. इथे तो आपल्याच आयुक्तालयाने नोंदवला होता. दिल्लीच्या यंत्रणेचं काम स्थानिक ठाण्याच्या कागदावर उभं होतं. आम्हांला या विषयात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. वरची यंत्रणा कितीही मोठी असो, तिची पायरी बहुतेक वेळा ठाण्यातल्या टेबलावर असते.

आणि ती पायरी निसटली तर? नोव्हेंबर २०२० मध्ये तुळिंज पोलीस ठाण्यात एका तरुणीने अर्ज दिला होता, सोबतच्या पुरुषाकडून जिवाला धोका असल्याचा. पुढे तिने तक्रार नसल्याचं लिहून दिलं आणि चौकशी थांबली. २०२२ च्या मे महिन्यात दिल्लीत तिचा खून झाला. वडिलांची तक्रार वसईत, माणिकपूर ठाण्यात. गुन्हा मेहरौलीतला, म्हणून तपास दिल्ली पोलिसांकडे, आणि दिल्ली पोलीस राज्य सरकारचे नाहीत, केंद्रीय गृहखात्याचे. कुणी कसूर केली हे ठरवायला आम्ही इथे बसलेलो नाही. पण 'तक्रार नाही' असं लिहून देणारी व्यक्ती कुणाच्या दबावाखाली आहे, हे विचारण्याचं काम ना केंद्राच्या यादीत आहे ना राज्याच्या. ते ठाण्यात समोर बसलेल्या अंमलदाराचं आहे.

हद्दीबद्दल कायदा आता स्पष्ट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, गुन्हा कुठेही घडलेला असो. याला 'झिरो एफआयआर' म्हणतात. शून्य क्रमांकाने नोंद होते, मग कागद योग्य ठाण्याकडे जातो. तो पोहोचवणं पोलिसांचं काम, तुमचं नव्हे. नोंद घेतली नाही तर माहिती लिहून टपालाने वरिष्ठांना पाठवायची, तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा.

आता त्या मोबाइलवाल्या श्रोत्यांसाठी. डब्यात चोरी झाली तर लोहमार्ग पोलिसांकडे जा, ते जवळचं. शहर ठाण्यात पोहोचलात तरी तुम्हांला परत पाठवता येत नाही. एक शब्द मात्र सांभाळा. फोन चोरीला गेला असेल तर 'गहाळ' लिहून घेऊ नका. गहाळ झाल्याच्या दाखल्याने सिमकार्ड मिळतं, पण तो चोरीचा गुन्हा नव्हे, मग तपास कशाचा होणार? एफआयआर झाला की त्याची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ती मागून घ्या आणि सही करण्याआधी पूर्ण वाचा, चष्मा घरी राहिला असेल तर कुणाकडून तरी वाचून घ्या.

सागरी पोलीस आणि तटरक्षक दलाचं राहिलंच. अर्नाळ्याच्या कुणाला त्याबद्दल विचारायचं असेल तर आता हात वर करा.