विश्लेषण : टेबलावरचे पहिले महायुद्ध… वॉरगेमिंगसाठी योग्य ‘नियमसंच’ कसा निवडतात?

सहा फूट बाय चार फुटांचे टेबल, बोटाच्या पेराएवढे रंगवलेले सैनिक, मूठभर फासे आणि एक मोजपट्टी. एवढ्या सामग्रीवर शंभर वर्षांपूर्वीची लढाई पुन्हा लढून पाहण्याचा छंद म्हणजे हिस्टॉरिकल मिनिएचर वॉरगेमिंग. ब्रिटन आणि अमेरिकेत तो चांगलाच रुजला आहे. या छंदात नव्याने येणारा जवळपास प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, ‘सगळ्यात चांगले नियम कोणते?’ विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या युद्धांबाबत या प्रश्नाचे उत्तर सर्वाधिक अवघड आहे. ते का, हे मराठा पलटणी जिथे लढल्या त्या मेसोपोटेमियातील टेसिफॉनच्या लढाईच्या उदाहरणातून समजून घेऊ.

मिनिएचर वॉरगेमिंग म्हणजे नेमके काय?

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडणाऱ्यांना यातले अर्धे आधीच माहीत आहे. फरक एवढाच, की इथे मांडलेले सैनिक हलतात, गोळीबार करतात, पळून जातात आणि कोणी तरी जिंकते. हे सगळे कसे घडेल, ते नियमसंच ठरवतो.

प्रशियाच्या सैन्यात १८२४ मध्ये रायस्वित्झ या अधिकाऱ्याने ‘क्रीगस्पील’ हा नकाशावरचा युद्धखेळ अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी मांडला. पुढे एच. जी. वेल्स या प्रसिद्ध लेखकाने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे छोटे पुस्तक लिहून हा खेळ घराघरांत नेला. त्यात स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने खरोखर नेम धरून सैनिक पाडायचे असत. खऱ्या युद्धापेक्षा हे खेळण्यातले युद्ध कितीतरी बरे, असे वेल्सचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले.

हाच कालखंड अवघड का?

साधारण १९०० ते १९२० या दोन दशकांत बोअर युद्ध, रशिया-जपान युद्ध, बाल्कन युद्धे, पहिले महायुद्ध आणि रशियातील यादवी असे सगळे येते. या काळात सैन्ये वेगाने बदलत होती. १९१४ मध्ये तलवारी घेतलेले घोडदळ आणि मशिनगन एकाच मैदानावर दिसत. हिंदी पलटणीकडे युद्धाच्या सुरुवातीला अवघ्या दोन मशिनगन असत. १९१८ पर्यंत लुईस गनसारखी हलकी मशिनगन थेट प्लाटूनपर्यंत पोहोचली होती आणि लहान तुकड्या स्वतंत्रपणे लढू लागल्या होत्या.

त्यामुळे नेपोलियनच्या काळासाठी लिहिलेले नियम इथे वापरले, तर रांगा करून चालणारे पायदळ अवास्तव यशस्वी ठरते. दुसऱ्या महायुद्धाचे लोकप्रिय नियम वापरले, तर १९१५ चा सैनिक १९४४ च्या कमांडोसारखा वागू लागतो. दोन्ही खेळ रंगतात, पण टेबलावर दिसते ते त्या काळचे युद्ध नसते.

टेसिफॉनला काय घडले होते?

मेजर जनरल चार्ल्स टाऊनशेंड यांच्या नेतृत्वाखालील सहावी (पुणे) डिव्हिजन टायग्रिस नदीच्या काठाने बगदादकडे निघाली होती. तिच्या तिन्ही पायदळ ब्रिगेडमध्ये एकेक मराठा पलटण होती. १०३वी, ११०वी आणि ११७वी. आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीची परंपरा या पलटणींशी जोडलेली आहे.

२२ नोव्हेंबर १९१५ रोजी या फौजेने बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे ऑटोमन सैन्यावर हल्ला केला. समोर नुरेद्दीन यांचे संख्येने मोठे सैन्य खंदकांच्या दोन ओळींत बसले होते. पहिली ओळ पडली, पण दुसऱ्या ओळीपुढे हल्ला अडला. टाऊनशेंड यांचे सुमारे साडेचार हजार सैनिक ठार वा जखमी झाले. ऑटोमनांची हानी त्याहून मोठी होती. शेवटी दोन्ही सेनापतींनी माघारीचा निर्णय घेतला. इंग्रज मागे फिरल्याचे कळताच नुरेद्दीन पुन्हा उलटे वळले आणि पाठलाग सुरू झाला. टाऊनशेंड यांची फौज कूत-अल-अमारा येथे पोहोचली, वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शरणागती पत्करली. सुमारे १३ हजार जण कैद झाले.

मग पहिली निवड कशाची?

या लढाईत खेळाडू कोण आहे, हे आधी ठरवावे लागते. नियमाच्या पुस्तकाची निवड त्यानंतर येते.

तुम्ही ११०व्या पलटणीतील एका प्लाटूनचे नेतृत्व करत असाल, तर तुमचे प्रश्न लहान आणि जीवघेणे आहेत. समोरच्या मशिनगनला गप्प कसे करायचे? हवालदार पडला तर तुकडी पुढे नेणार कोण? यासाठी ‘थ्रू द मड अँड द ब्लड’सारखा नियमसंच आहे. त्यात मोजके नेते आणि त्यांच्या भोवतीची माणसे हा खेळाचा केंद्रबिंदू असतो. ‘द मेन हू वुड बी किंग्ज’ हा २०१६ मधील नियमसंच सोपा आणि झटपट आहे. मात्र तो प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकातील वसाहतींच्या लढायांसाठी लिहिलेला आहे. सरहद्दीवरच्या चकमकींना तो शोभतो, खंदकांना नाही.

तुम्ही ब्रिगेड किंवा डिव्हिजन हलवत असाल, तर एकेका सैनिकाची फिकीर करून चालत नाही. एक तळपट्टी म्हणजे एक कंपनी किंवा पलटण धरली जाते. ‘स्क्वेअर बॅशिंग’मध्ये टेबलावर चौकोन आखलेले असतात, त्यामुळे मोजपट्टी लागत नाही आणि खेळ एका संध्याकाळी संपतो. ‘ग्रेट वॉर स्पिअरहेड’मध्ये खेळाडूला आपली योजना आधीच नकाशावर बाणांनी आखावी लागते आणि ती मध्येच बदलणे कठीण असते. ‘इफ द लॉर्ड स्पेअर्स अस’ हा नियमसंच तर मध्यपूर्वेच्या आघाडीसाठीच लिहिलेला आहे. टेसिफॉन संपूर्ण खेळायचे असेल, तर पर्याय याच गटातून निवडावा.

टेबलाचे गणित काय सांगते?

साधा भागाकार करून पाहू. २८ मिलिमीटर उंचीचे सैनिक साधारण १:५६ प्रमाणाचे मानले जातात. ली-एनफिल्ड रायफल ५०० मीटरवर प्रभावी धरली, तर टेबलावर ते अंतर होते सुमारे ९ मीटर. टेबल मात्र जेमतेम १.८ मीटर लांब. म्हणजे त्या प्रमाणात संपूर्ण टेबल हे खऱ्या रणांगणाचे १०० मीटर झाले!

म्हणून प्रत्येक नियमसंचाला कुठे तरी तडजोड करावी लागते. काही जण पल्ला कृत्रिमरीत्या कमी करतात. मोठ्या लढाईचे नियम सैनिकाच्या उंचीचा आणि जमिनीचा संबंधच तोडतात. १ इंच म्हणजे १०० मीटर धरले, की तेच टेबल ७.२ किलोमीटरचे रणांगण होते आणि रायफलचा पल्ला ५ इंचांवर येतो. अशा खेळाला ६ किंवा १० मिलिमीटरचे सैनिक दिसायलाही बरे आणि खिशालाही. पुस्तक घेण्यापूर्वी त्यातील पल्ल्यांचा तक्ता पाहावा. लेखकाने कोणती तडजोड केली आहे, ते तिथेच कळते.

पाळी कोणाची, याने फरक पडतो?

खूप पडतो. ‘आधी माझे सगळे सैन्य, मग तुझे सगळे’ ही पद्धत शिकायला सोपी. पण तीत सेनापतीला सगळे दिसते आणि प्रत्येक तुकडी हुकूम ऐकते. टेसिफॉनला नेमके उलटे घडले. शत्रूही मागे हटतो आहे, हे दोन्ही सेनापतींना वेळेवर कळले नाही.

हा गोंधळ टेबलावर आणण्यासाठी अनेक नियमसंच पत्ते वापरतात. ज्या तुकडीचा पत्ता निघेल ती हलते. काहींत ‘फेरी संपली’ असाही पत्ता असतो. तो लवकर निघाला, तर तुमची राखीव फौज जागच्या जागी राहते. बुद्धिबळाच्या चाहत्यांना हे अन्यायकारक वाटते. पण इतिहास खेळायचा असेल, तर नियंत्रण सुटण्याची शक्यता नियमांतच असायला हवी.

सैनिकांचा ‘दर्जा’ कोण ठरवते?

सर्वांत काळजीपूर्वक वाचायचे पान हेच. बहुतेक नियमसंचांत प्रत्येक तुकडीला मनोधैर्य आणि कौशल्याचा एक आकडा असतो. काही पुस्तके तो आकडा सरसकट देशानुसार देतात. ब्रिटिश वरच्या दर्जाचे, हिंदी त्याखाली, तुर्क त्याहून खाली.

हा आकडा अनेकदा त्या काळच्या पूर्वग्रहातून आलेला असतो. लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळापासून ब्रिटिशांच्या ‘लढाऊ जमाती’च्या सिद्धान्तात पंजाब आणि नेपाळकडील भरतीला झुकते माप मिळाले आणि मराठे मागे पडले. मेसोपोटेमियातील कामगिरीने तो समज खोटा ठरवला. ११७व्या पलटणीला युद्धानंतर ‘रॉयल’ किताब मिळाला. तुर्कांबाबतही हीच चूक झाली. टेसिफॉनला अनातोलियातून आलेल्या कसलेल्या तुकड्या समोर उभ्या होत्या, पण ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांनी त्यांना कमी लेखले. ज्या गैरसमजामुळे ही मोहीम फसली, तोच गैरसमज नियमाच्या आकड्यात उतरला, तर टेबलावर टाऊनशेंड सहज बगदादला पोहोचतात.

चांगला नियमसंच दर्जा देशावर न ठरवता त्या पलटणीच्या त्या दिवसाच्या अवस्थेवर ठरवतो. ती ताजी होती की थकलेली, तिचे अधिकारी किती उरले होते, ती आधी लढली होती का?

जे टेबलावर दिसतच नाही, त्याचे काय?

मेसोपोटेमियाचा निकाल फक्त खंदकांत लागला नाही. सगळी रसद टायग्रिसमधून बोटींनी यायची आणि बोटी अपुऱ्या होत्या. टेसिफॉनच्या जखमींना स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून नदीपर्यंत न्यावे लागले. या हलगर्जीची चौकशी करणाऱ्या मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल १९१७ मध्ये आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला.

एका संध्याकाळच्या खेळात हे येणे कठीण. पण सलग तीन-चार लढायांची मोहीम खेळता येईल आणि एका लढाईतील हानी पुढच्या लढाईत मोजली जाईल, अशी सोय नियमसंचात आहे का, हे पाहता येते. ती असेल, तर खेळाडू ‘शेवटचा सैनिक पडेपर्यंत’ लढत नाही. त्याला उद्याचा विचार करावा लागतो.

नवख्याने सुरुवात कशी करावी?

सैनिक आधी विकत घेऊ नयेत. आपल्याकडे ते बहुधा परदेशातून मागवावे लागतात आणि रंगवण्यात महिने जातात. पुठ्ठ्याचे तुकडे कापावेत, त्यावर पलटणींची नावे लिहावीत आणि एकच लढाई दोन वेगवेगळ्या नियमांनी खेळून पाहावी. वाटल्यास एकट्यानेच दोन्ही बाजू खेळाव्यात.

खेळ संपल्यावर कोण जिंकले यापेक्षा तीन गोष्टी तपासाव्यात. हल्ला ज्या कारणाने प्रत्यक्षात अडला, साधारण त्याच कारणाने टेबलावर अडला का? तुम्हाला पडलेले प्रश्न त्या जागेवरच्या अधिकाऱ्याला पडले असते का? आणि दर तासाला पुस्तक किती वेळा उघडावे लागले? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर ‘हो’ आणि तिसऱ्याचे ‘फार नाही’ असे आले, तर तुमचा नियमसंच सापडला. मग सैनिक मागवायला हरकत नाही.