गिरमिटाची पाती, असामान्य मापांची

लाकडाला भोक पाडण्यासाठी गिरमिटात, सामत्यात किंवा छिद्रण यंत्रात बसविण्याच्या पोलादी हत्याराला पाते म्हणतात. बाजारात पाती ठराविक मापांचीच मिळतात. त्यांच्या मधले किंवा त्यांच्यापलीकडचे माप हवे असल्यास ते शोधावे अथवा घडवावे लागते. नव्या कामात ही अडचण सहसा टाळता येते; कारण हाताशी असलेल्या पात्याने भोक पाडून खुंटीच त्याबरहुकूम तासता येते. जुन्या वस्तूच्या दुरुस्तीत मात्र खुंटी, दांडा किंवा नळी यांची मापे आधीच ठरलेली असतात आणि मोठे झालेले भोक पुन्हा लहान करता येत नाही. सरस लावला तरी अर्धा मिमी. ढिली खुंटी पक्की बसत नाही.

पाती लोहाराकडून घडवून घेत, त्या काळी असामान्य माप ही कल्पनाच फारशी नव्हती. पात्याने पडेल त्या भोकास सुतार आपली खुंटी बसवी. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर मॅस्टरमिर येथे १९३६ मध्ये सापडलेल्या व्हायकिंग काळातील हत्यारपेटीत पळीच्या आकाराची पाती आहेत; अशी पाती लोखंड ठोकून कोणत्याही मापाची करता येत. दोरीच्या कमानीने उलटसुलट फिरणाऱ्या सामत्याचे पातेही असेच साधे, भाल्याच्या फाळासारखे चपटे असते. ते दोन्ही दिशांनी खरवडते आणि कानशीने घासून हव्या त्या रुंदीचे होते.

कारखान्यात पाती होऊ लागल्यावर मापे प्रमाणित झाली. अमेरिकेत रसेल जेनिंग्ज यांना मळसूत्री पात्याचे एकस्व १८५५ मध्ये व स्टीव्हन मोर्स यांना पिळाच्या पात्याचे एकस्व १८६३ मध्ये मिळाले. मळसूत्री पात्यांवरील अंक इंचाच्या सोळाव्या भागात माप दर्शवितो. म्हणजे ८ हा अंक असलेले पाते अर्ध्या इंचाचे असते. आपल्याकडील सुतार सूत हे माप वापरतात व आठ सुतांचा एक इंच होतो. भारतात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धती स्वीकारली गेल्यावर एक नवी अडचण उद्‌भवली. जुने फर्निचर इंच-सुतांत, तर नवी पाती मिमी.मध्ये. तीन सूत म्हणजे ९·५२५ मिमी. आणि अर्धा इंच म्हणजे १२·७ मिमी. होतात. १३ मिमी.चे पाते अर्ध्या इंचाच्या दांड्यास ढिले भोक पाडते, तर १२ मिमी.चे घट्ट; जोराने ठोकल्यास लाकूड चिरते.

म्हणून शोध प्रथम धातुकामाच्या हत्यारांच्या दुकानात घ्यावा. लाकडाची पाती बहुधा पूर्ण मिमी.च्या अंतराने मिळतात, तर धातूसाठीची पिळाची पाती ०·१ मिमी.च्या अंतरानेही मिळतात. अमेरिकन पद्धतीत अंकांकित पाती (क्र. ८० ते १. ०·३४ ते ५·७९ मिमी.) व अक्षरांकित पाती (ए ते झेड. ५·९४ ते १०·४९ मिमी.) यांनी मधली बरीच मापे भरून निघतात. धातूसाठीच्या पात्याच्या टोकाचा कोन सामान्यतः ११८° असतो. ते लाकडात सुरुवातीला सरकते आणि भोकाच्या कडा फाटतात. टोक घासून मध्ये अणी व दोन्ही कडांना उभ्या धारा ठेवल्यास हा दोष जातो. परंतु दोन्ही बाजू समान राखणे कौशल्याचे काम आहे. त्या असमान झाल्या तर भोक पात्यापेक्षा मोठे पडते. काही कारागीर हे मुद्दाम करून किंचित मोठे भोक मिळवितात. तथापि ही युक्ती भरवशाची नाही.

मोठ्या मापांसाठी सरकत्या धारेचे पाते (विल्यम क्लार्क यांचे एकस्व, १८५८) सोयीचे असते. त्याच्या मोठ्या नमुन्याने ७/८ ते ३ इंचांपर्यंतचे कोणतेही भोक पडते. मात्र धार एकाच बाजूला असल्याने कठीण लाकडात ते अडखळते.

घरी करण्यास सर्वांत सोपे म्हणजे बाजारी चपटे पाते अरुंद करणे. अर्ध्या इंचाच्या पात्यापासून १२ मिमी.चे करावयाचे तर दोन्ही बाजूंनी ०·३५ मिमी. घासावे. घासताना पाते वारंवार पाण्यात बुडवावे. साध्या कार्बनी पोलादावर निळा रंग चढला की धार मऊ पडली असे समजावे.

अचूकपणासाठी अर्धगोल पात्याला तोड नाही. हव्या त्या व्यासाची सिल्व्हर स्टीलची सळई घ्यावी (नाव असे असले, तरी यात चांदी नसते). तिचे टोक काही लांबीपर्यंत घासून निम्मी जाडी ठेवावी आणि टोकाला मागे थोडा उतार द्यावा. नंतर सुमारे ७८० अंश से.पर्यंत, म्हणजे लालभडक तापवून पाण्यात विझवावे व पुन्हा फिकट पिवळा रंग येईपर्यंत (सुमारे २३० अंश से.) हलके तापवून ठिसूळपणा कमी करावा. या पात्याची पाठ पाडलेल्या भोकातच टेकून फिरते. त्यामुळे ते लांबवर सरळ जाते आणि भोक सळईच्याच मापाचे होते. मात्र तोंडाशी त्याच व्यासाचे उथळ भोक आधी लेथवर किंवा गोलचीने करावे लागते आणि भुसा काढण्यासाठी पाते वरचेवर बाहेर घ्यावे लागते. ते नेहमी मंद गतीनेच फिरवावे. क्लॅरिनेटची नळी सुमारे १५ मिमी. व्यासाची असते आणि तीत दशांश मिमी.चा फरकही वादकाला जाणवतो. अशा कामांत याच जातीची हत्यारे व रीमर उपयोगी पडतात.

तंतुवाद्यांच्या खुंटीचे भोक निमुळते असते व ते निमुळत्या रीमरने करतात. व्हायोलिनच्या खुंटीचा उतार १ : ३० असतो. मिरज येथे होणाऱ्या सतार-तंबोऱ्यांच्या खुंट्याही निमुळत्या असतात. झिजलेली खुंटी आत दाबून काही काळ काम भागते. पुढे भोक रीमरने साफ करून जाड खुंटी बसवितात. म्हणून अशा दुरुस्तीत एकच असे नेमके माप नसते.

कोणतेही पाते वापरण्यापूर्वी त्याच जातीच्या लाकडाच्या तुकड्यावर भोक पाडावे आणि माप पात्याचे नव्हे, तर त्या भोकाचे घ्यावे. ते रेषांच्या दिशेने व आडवे असे दोनदा घ्यावे, कारण लाकूड सुकताना आडवे अधिक आकसते आणि ओल्या लाकडातील गोल भोक पुढे लंबगोल होते.