नालेचे दोन मानकरी : युनायटस आणि मॅनिंग

अमेरिकन फुटबॉलमधल्या कोल्ट्स संघाच्या शिरस्त्राणावर घोड्याची निळी नाल असते. ही नाल मिरवणारे दोन क्वार्टरबॅक खेळाच्या इतिहासात अढळ झाले : जॉनी युनायटस आणि पेटन मॅनिंग. विक्रमांच्या वहीत दोघे एकाच संघाचे आहेत. पण एक बाल्टिमोरचा, दुसरा इंडियानापोलिसचा. दोघांची तुलना करताना आकड्यांइतकाच या दोन शहरांचाही विचार करावा लागतो.

या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं, नाहीतर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. जवळजवळ प्रत्येक चाल क्वार्टरबॅकपासून सुरू होते. अंगावर धावून येणारे धिप्पाड बचावपटू पोहोचायच्या आत, दोन-तीन सेकंदांत, चेंडू कुणाकडे फेकायचा हे त्याला ठरवावं लागतं.

1933 मध्ये पिट्सबर्गला जन्मलेल्या युनायटसला 1955 मध्ये गावच्याच स्टीलर्स संघाने नव्या खेळाडूंच्या निवडीत नवव्या फेरीत घेतलं आणि हंगामापूर्वीच घरी पाठवलं. बांधकामावर राबत, सामन्यामागे मोजके डॉलर घेऊन तो स्थानिक संघाकडून खेळत राहिला. 1956 मध्ये कोल्ट्सने त्याला बोलावलं. 28 डिसेंबर 1958 रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर जायंट्सविरुद्ध अजिंक्यपदाचा सामना झाला. शेवटची सुमारे दोन मिनिटं उरली असताना कोल्ट्स 14-17 असे मागे होते आणि चेंडू त्यांच्याच गोलरेषेजवळ होता. युनायटसने रेमंड बेरीकडे लागोपाठ तीन पास देऊन 62 यार्ड खेचले. सात सेकंद शिल्लक असताना बरोबरी झाली आणि जादा वेळेत कोल्ट्स 23-17 जिंकले. देशभर दूरचित्रवाणीवर पाहिल्या गेलेल्या या सामन्याने व्यावसायिक फुटबॉल अमेरिकेच्या घराघरांत पोहोचवला.

त्या दिवशीच्या चाली युनायटस मैदानावरच ठरवत होता. बचावाची मांडणी पाहायची, साथीदारांचं ऐकायचं आणि पुढची चाल स्वतः सांगायची, ही त्याची रीत होती. पुढे हा अधिकार बहुतेक संघांत प्रशिक्षकांकडे गेला. 1994 पासून तर क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात रेडिओ आला आणि बाहेरून येणारी आज्ञा थेट त्याच्या कानात पडू लागली.

मॅनिंग आला तो याच काळात. क्वार्टरबॅक आर्ची मॅनिंगचा हा मुलगा 1998 च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या क्रमांकाचा मानकरी ठरला. पहिल्याच हंगामात त्याच्या 28 फेकी प्रतिस्पर्ध्यांनी पकडल्या, तरी संघाने त्याच्यावरचा भरवसा सोडला नाही. प्रशिक्षक टॉम मूर यांच्या आखणीत कोल्ट्सचे खेळाडू दोन चालींच्या मध्ये पुढची चाल ठरवायला घोळका करून फारसे थांबतच नसत. मॅनिंग रेषेवर उभा राहून बचाव न्याहाळायचा, हातवारे करत, ओरडून ठरलेली चाल बदलायचा. युनायटसचा अधिकार त्याने असा परत मिळवला. प्रशिक्षकांच्या जमान्यातही अखेरचा निर्णय मैदानावर घेता येतो, हे त्याने दाखवून दिलं.

आता आकडे. टचडाऊन पास, म्हणजे चेंडू गोलरेषेपार पोहोचवून गुण मिळवून देणाऱ्या फेकी, युनायटसच्या 290, मॅनिंगच्या 539. युनायटसचे 40,239 यार्ड, मॅनिंगचे 71,940. प्रतिस्पर्ध्यांनी पकडलेल्या फेकी मात्र 253 आणि 251, जवळपास सारख्याच. मॅनिंगने फेकी केल्या 9,380, युनायटसने 5,186. म्हणजे फेकींच्या प्रमाणात मॅनिंगची चूक कितीतरी कमी वेळा झाली. सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान युनायटसला तीनदा मिळाला, मॅनिंगला पाचदा.

पण या आकड्यांच्या मागे नियम उभे आहेत. युनायटसच्या सुरुवातीच्या काळात हंगाम 12 सामन्यांचा होता, 1978 मध्ये तो 16 सामन्यांचा झाला. त्याच वर्षी चेंडू झेलायला धावणाऱ्या खेळाडूला पाच यार्डांपलीकडे अडवण्यावर बंदी आली आणि क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्यांना हात पसरून अडवण्याची मुभा मिळाली. जानेवारी 2004 मध्ये न्यू इंग्लंडच्या बचावाने कोल्ट्सच्या खेळाडूंना धसमुसळेपणाने रोखलं. मॅनिंगच्या चार फेकी पकडल्या गेल्या. पुढच्या हंगामापासून पाच यार्डांचा नियम काटेकोरपणे राबवला गेला आणि मॅनिंगने 49 टचडाऊन पासांचा तेव्हाचा विक्रम केला. यात त्याच्या गुणवत्तेला कमीपणा नाही, पण युनायटसला असं मोकळं रान कधीच मिळालं नव्हतं. तरीही 1956 ते 1960 या काळात त्याने सलग 47 सामन्यांत टचडाऊन पास दिला. हा विक्रम 2012 मध्ये, अर्धशतकानंतर, ड्रू ब्रीजने मोडला.

मार्च 1984 मध्ये मालक रॉबर्ट अर्से यांनी रातोरात ट्रक भरून संघ इंडियानापोलिसला हलवला. युनायटसने नवा संघ आपला मानला नाही. आपण बाल्टिमोर कोल्ट्सचे, हेच तो अखेरपर्यंत सांगत राहिला. खेळात दुखावलेला त्याचा उजवा हात पुढे निकामी होत गेला, पण अपंगत्वाची भरपाई त्याच्या वाट्याला आली नाही. त्याच संघाने 2004 मध्ये मॅनिंगशी सुमारे 9 कोटी 80 लाख डॉलरचा करार केला. या संपत्तीचा पाया ज्या पिढीने घातला, तिची देणी खेळाने चुकवली नाहीत, हे स्पष्ट म्हणायला हवं.

मॅनिंगला मात्र या ऋणाची जाणीव होती. 11 सप्टेंबर 2002 रोजी युनायटसचं निधन झालं, तेव्हा त्याच्यासारखे घोट्यापर्यंतचे काळे बूट घालून खेळण्याची मॅनिंगची इच्छा होती. व्यावसायिक फुटबॉलच्या संघटनेने दंडाचा इशारा दिल्याने ती राहून गेली.

आज दोघांचे पुतळे आपापल्या शहरातल्या स्टेडियमबाहेर आहेत. चेंडूफेकीच्या कौशल्यात आणि सातत्यात मॅनिंग उजवा, याबद्दल वाद नको. पण क्वार्टरबॅक हा मैदानावर विचार करणारा, काळाशी झुंजणारा नेता असतो, ही कल्पना युनायटसने लाखो लोकांच्या मनात रुजवली. मॅनिंगने तिला पूर्णत्व दिलं. वारसा मोजायचा, तर पायवाट पाडणाऱ्याचं माप मोठं धरायला हवं. म्हणून माझा कौल युनायटसला.