खांबांना हवा तिरप्याचा आधार

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे, 4 वाजून 21 मिनिटांनी, कोयनानगर हादरलं. पाटण तालुक्यातली दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. पावणेदोनशेच्या आसपास बळी गेले. दख्खनचं पठार भूकंपापासून जवळजवळ निर्धोक, अशी तोवरची समजूत होती. 1970 साली भारताचा भूकंप-नकाशा नव्याने आखावा लागला. त्यातला 'शून्य' विभाग पुसला गेला आणि कोयनेचा परिसर चौथ्या विभागात आला.

भूकंपरोधक बांधकामाची भारतीय मानक संहिता, आयएस 4326, पहिल्यांदा निघाली तीही 1967 सालीच. तिच्या 1993 च्या आवृत्तीत लाकडी इमारतींवर स्वतंत्र प्रकरण आहे. उंचीची मर्यादा दोन मजल्यांची, वर फार तर पोटमाळा. भार वाहणाऱ्या लाकडी चौकटीच्या भिंतीत दर 1.6 मीटर गुणिले 1 मीटर क्षेत्राला किमान एक तिरपा दांडा हवा. सातारा, वाई, सांगलीच्या जुन्या वाड्यांत हा तिरपाच सहसा सापडत नाही.

आपलं घर खणांनी मोजलं जातं. तळखड्यावर खांब, त्यावर तुळई, तिच्यावर कड्या. खाचेत कूस बसवलेला सालकूस सांधा वरून येणारं वजन पिढ्यान् पिढ्या पेलतो. बाजूने धक्का बसला की मात्र खांब सांध्यात फिरतो आणि चौकोन कलतो, रिकाम्या काडेपेटीचं कवच बोटाने ढकलल्यासारखा. कर्णावर एक दांडा घातला की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात, आणि दांड्याची लांबी बदलल्याशिवाय त्रिकोणाचा आकार बदलत नाही.

मग वाडे इतकी वर्षं उभे कसे? चौकटीला भिंतीने सावरलं. पण मातीत रचलेल्या दगडी भिंतीचे बाहेरचा आणि आतला असे दोन पापुद्रे असतात, मध्ये भर. आरपार जाणारे दगड नसले तर हादऱ्यात पापुद्रे सुटे होतात. म्हणून आयएस 13828 ही आणखी एक भारतीय मानक संहिता सांगते की उंचीत दर 60 सेंटिमीटरला, आडव्या दिशेने 1.2 मीटरपेक्षा जास्त अंतर न सोडता, आरपार दगड बसवावा.

30 सप्टेंबर 1993 च्या लातूर-उस्मानाबादच्या भूकंपात हेच दिसलं. जाड भिंती ढासळल्या, आणि कित्येक घरांत माळवद पेलणारे खांब उभेच राहिले. तिथल्या मजबुतीकरणात खांब आणि तुळईच्या कोनात तिरपे टेकू देण्याचा उपाय सुचवला गेला. साधा, कमी खर्चाचा, गावच्या सुताराला जमणारा.

मला खरी भीती वाटते ती आजच्या दुरुस्त्यांची. रस्त्याकडेच्या वाड्याची दर्शनी भिंत काढून शटर बसवतात, आतली पडदी पाडून दुकान ऐसपैस करतात, वर विटांची खोली चढवतात. वजन वाढतं आणि बाजूचा आधार जातो. खांब शाबूत दिसतात, म्हणून कुणी हरकत घेत नाही. परवानगी देताना उंची आणि चटईक्षेत्राइतक्याच काटेकोरपणे पाडल्या जाणाऱ्या भिंतीची चौकशी झाली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

दर्शनी भिंत काढायचीच असेल, तर निदान दोन्ही टोकांचे खण बंद ठेवून त्यांत तिरपे घालावेत, सांध्यांवर लोखंडी पट्ट्या बोल्टने आवळाव्यात. तिरपे लांबीच्या आणि रुंदीच्या, दोन्ही दिशांना हवेत, कारण धक्का कुठल्या बाजूने येईल ते ठरलेलं नसतं.