ठोसा निघतो पायातून!

सांगा पाहू, बॉक्सरच्या ठोशातली ताकद कुठून येते? दंडातून? अंहं, पायातून! मागच्या पायाचा चवडा जमिनीला रेटतो, जमीन त्याला तेवढंच उलट रेटते (न्यूटनचा तिसरा नियम रिंगणातही पाठ सोडत नाही!). तो जोर पायातून कंबरेत, कंबरेतून खांद्यात चढतो आणि शेवटी मुठीतून बाहेर पडतो.

हा ठोसा हनुवटीवर बसला तर? दार आधी बिजागरीपाशी ढकलून बघा, मग कडीपाशी. कडीपाशी ते झटकन फिरतं ना? हनुवटी मानेपासून लांब, म्हणजे कडीसारखीच, म्हणून तिथल्या ठोशानं डोकं गर्रकन फिरतं. आत द्रवात असलेला मेंदू मात्र तितक्या चपळाईनं फिरत नाही. त्याला पीळ बसतो आणि शुद्ध हरपू शकते. म्हणून तर बॉक्सर हनुवटी खाली दाबून ठेवतात. (प्रयोग दारावरच करायचा हं, धाकट्या भावावर नाही!)

मग ज्याचा ठोसा भारी, तोच सामना जिंकणार? छे! आपल्या नागपूरची अल्फिया पठाण बघा. मानकापूरच्या क्रीडा संकुलात सराव केलेली ही मुलगी एप्रिल 2021 मध्ये पोलंडला युवा जागतिक स्पर्धेत उतरली, तीही 81 किलोंवरच्या, म्हणजे सगळ्यात वजनदार गटात. अंतिम सामना तिनं जिंकला, पण नॉकआउटनं नव्हे, गुणांवर. पाचही पंचांचा कौल तिलाच, 5-0! पुढच्या वर्षी कझाकस्तानात तिनं माजी जगज्जेती लझ्झत कुंगेइबायेवालाही 5-0 नंच हरवलं.

नॉकआउटनं सामना संपवायलाही नुसता जोर पुरत नाही, नजर लागते. समोरच्याचे गुडघे कधी सैल पडले, हात कधी खाली आले, हे टिपावं लागतं. आणि धीर लागतो! अमेरिकेच्या जॉर्ज फोरमनचा ठोसा म्हणजे हातोडाच. 1974 पर्यंतच्या 40 विजयांपैकी 37 नॉकआउट. त्या वर्षी किन्शासात मुहम्मद अली दोरांना टेकून उभा राहिला आणि फोरमन ठोसे मारमारून स्वतःच दमला. आठव्या फेरीत अलीनंच त्याला लोळवलं.

वीस वर्षांनी, 45 व्या वर्षी, फोरमन पुन्हा जगज्जेतेपदासाठी लढला. समोर मायकेल मूरर, वय 26. फोरमन गुणांवर मागे होता, पण या वेळी त्यानं उतावळेपणा केला नाही. दहाव्या फेरीत फट दिसली, उजवा ठोसा थेट हनुवटीवर! सामना खलास! आणि फोरमनच्या अंगात काय होतं माहितीये? 1974 च्या सामन्यातलीच लाल चड्डी!