ज्यांना भाऊबीज नाही अशा भाषा

दिवाळी म्हटली की सोयरेधायरे आलेच. बहिणी माहेरी येतात, मामे-मावसभाऊ जमतात, आणि कोण कोणाचा कोण लागतो यावर फराळाच्या ताटांभोवती तासन् तास चर्चा रंगते. भाषांचेही असेच गणगोत असते. आपल्या मराठीचेच पाहा ना! कोकणी ही तिची पाठची बहीण. गुजराती, हिंदी, बंगाली याही घरच्याच. फारसी आणि लॅटिन ही तर दूरची चुलतघराणी. आपण 'दोन' म्हणतो, फारसी माणूस 'दो' म्हणतो आणि लॅटिनमध्ये तोच 'दुओ' होतो.

मराठीची वंशावळ तर दगडात कोरलेली आहे. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. लिपी ब्राह्मी, भाषा मराठीची पूर्वज प्राकृत. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे आणि नाणी यांची त्यात आकड्यांनिशी नोंद आहे. भारतातल्या अंकांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत या आकड्यांची गणना होते. मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या मागणीतही या लेखाचा दाखला दिलेला होता.

पण जगात अशाही काही भाषा आहेत, की ज्यांना बहीण नाही, भाऊ नाही, चुलत नाही, मावस नाही. त्यांतली सर्वांत नावाजलेली म्हणजे बास्क. स्पेन आणि फ्रान्स यांच्या सीमेवर पिरेनीज पर्वताच्या पश्चिम टोकाशी बास्क लोक राहतात. ते आपल्या भाषेला 'एउस्कारा' म्हणतात. भोवताली सगळीकडे लॅटिनच्या लेकी नांदत असताना हिचे कोणाशीच नाते जुळत नाही.

ही भाषा आपल्या कानांवरून कधीच गेली नाही, असे मात्र समजू नका. मुंबईचे झेवियर कॉलेज कोणाला ठाऊक नाही? ज्यांचे पार्थिव जुन्या गोव्यात जतन केलेले आहे, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या घराण्याचे हे नाव 'एचे बेरी' या बास्क शब्दांवरून आले. 'एचे' म्हणजे घर आणि 'बेरी' म्हणजे नवे. आपल्याकडच्या नवघरे आडनावाचा हा बास्क अवतारच म्हणा! दुसरी गंमत मोजणीची. बास्कमध्ये चाळीस म्हणजे 'दोन विसा' आणि साठ म्हणजे 'तीन विसा'. आमच्या जुन्नर-आंबेगावकडची जुनी माणसेही अशीच विसांनी मोजत.

मग आपल्या महाराष्ट्रात अशी एकटी भाषा आहे का? आहे! बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी ती नांदते. तिचे नाव निहाली. बोलणारे तिला 'कल्टो' म्हणतात. ती बोलणारे दोन-अडीच हजारांच्या आसपास. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात १९०६ साली तिला शेजारच्या कोरकूच्या पदराखाली घातले होते. पुढे कायपर या डच पंडिताने १९६२ साली तिचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. उसने शब्द बाजूला काढले, तरी कोणत्याही शेजारणीकडून न आलेला गाभा तिच्यात उरतो, असे त्याला आढळले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील अभ्यासकांनीही तिच्यावर काम केले आहे.

तिची मोजणी ऐका. एक म्हणजे 'बिडुम'. कोरकूत एकाला 'मिया' म्हणतात, तेव्हा हा शब्द तिकडचा नव्हे. दोन, तीन, चार म्हणजे 'इरार', 'मोठो', 'नालो'. यांत कानडी-तमिळ घराण्याची छाया आहे. पाचापासून पुढे मात्र सरळ आपले पाचो, सातो! पाच आकडे मोजेपर्यंत तीन घराणी भेटतात. पाण्याला कोरकूत 'डा', आपल्याकडे 'पाणी', कानडीत 'नीरु', आणि निहालीत 'जोप्पो'. हा 'जोप्पो' कुठून आला, त्याचा थांग लागलेला नाही.

आता कोणी म्हणेल, दोन हजार माणसांची बोली गेली तर बिघडले कुठे? याचे उत्तर आमच्या डोंगरात मिळते. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातले महादेव कोळी आणि ठाकर 'राब' म्हणतात. हा शब्द शहरातल्या मुलाला समजावून सांगायचा, तर पावसाआधी वाफ्यावर पालापाचोळा, डहाळ्या आणि शेण पसरून जाळायचे, मग त्यात भाताचे बी टाकायचे, रोपे वाढली की उपटून खाचरात 'आवणी' करायची, एवढे सगळे सांगावे लागते. दोन अक्षरांत एक अख्खी शेती मावलेली आहे. ही बोली तर मराठीच्या गोतातली. तिचे शब्द गेले तरी नात्यातल्या दुसऱ्या भाषेत त्यांचा माग काढता येईल. निहालीचा शब्द गेला, तर माग काढायला दुसरे घरच नाही.

बास्क मात्र वाचली. तिचे पहिले पुस्तक छापले गेले ते १५४५ साली. तरी पुढे शाळेत बास्क बोलताना सापडलेल्या मुलाच्या हाती एक अंगठी देत. त्याने ती पुढच्या गुन्हेगाराकडे सोपवायची, आणि शेवटी जिच्याकडे अंगठी राहील त्याला शिक्षा! फ्रँकोच्या राजवटीत तर सार्वजनिक जीवनातून ही भाषा हद्दपारच झाली. पण लोकांनी घरांत, चर्चच्या आवारांत लपूनछपून बास्क शाळा चालवल्या. १९६८ साली त्यांच्या अकादमीने सर्व बोलींसाठी एक प्रमाणलेखन ठरवायला घेतले, १९७९ साली भाषेला राजमान्यता मिळाली, आणि आज साडेसात लाखांच्या आसपास लोक ती बोलतात. स्पेनमधल्या बास्क प्रांतात तर आजोबांपेक्षा नातवंडांनाच बास्क अधिक येते!

निहालीपाशी ना शिलालेख, ना लिपी, ना पुस्तकांची परंपरा. दहा हजारांहून कमी भाषकांच्या भाषा जनगणनेच्या प्रसिद्ध तक्त्यांत वेगळ्या दाखवत नाहीत. त्यामुळे तिथेही ती दिसत नाही. बाजारात मराठी-हिंदी, शेजारी कोरकू. तेव्हा घरात जे बोलले जाईल तेवढेच तिचे आयुष्य. बास्कला पुन्हा उभे केले ते शाळेने. पहिलीच्या वर्गात गुरुजींनी 'एक, दोन' शिकवताना एकदा 'बिडुम, इरार'ही म्हणून घेतले, तर त्याला ना इमारत लागते, ना अनुदान. आणि आपल्या घरी पाहुण्या आलेल्या गावाकडच्या आजी फराळ करताना एखादा अनोळखी शब्द बोलल्या, तर मुलांना हसू देऊ नका. त्याचा अर्थ विचारून घ्यायला सांगा.