अरलचा काठ, वरून पाहिलेला

१९७२च्या जुलैत अमेरिकेने पहिला लँडसॅट उपग्रह सोडला, तेव्हा अरल समुद्र आटायला लागून दशक उलटलं होतं. नावाला समुद्र, पण आहे कझाकस्तान-उझबेकिस्तानच्या सीमेवरचं खारं सरोवर. १९६०मध्ये त्याचा पसारा सुमारे ६८ हजार चौरस किलोमीटर होता. जगात चौथा क्रमांक. अमू दर्या आणि सिर दर्या या नद्या त्याला पोसत. सोव्हिएत सरकारने त्यांचं पाणी कालव्यांनी कापसाकडे वळवलं.

उपग्रह पाणी ओळखतो ते मुख्यतः अवरक्त किरणांवरून. पाणी हे किरण शोषून घेतं, कोरडी जमीन परतवते. त्यामुळे चित्रात सरोवर काळं उमटतं. अरलच्या पूर्व भागात मात्र काठ चकवतो. तिथलं उथळ पाणी वसंतात पसरतं, उन्हाळ्यात आक्रसतं. म्हणून दरवर्षीची चित्रं एकाच महिन्याची घेऊन ताडून पाहावी लागतात.

अशी चित्रं ओळीने लावली की घसरण उलगडते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस सरोवराचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे पडले. सोव्हिएत लष्कराने जैविक अस्त्रांच्या चाचण्या घेतलेलं वोझ्रोझ्देनिया बेट २००१च्या सुमारास किनाऱ्याला जोडलं गेलं. ऑगस्ट २०१४च्या चित्रात दक्षिण अरलचं पूर्वेकडचं पात्र पार कोरडं दिसलं. उरली ती पश्चिमेची अरुंद, खोल पट्टी. मोयनाक या जुन्या बंदरात गंजलेल्या बोटी वाळूत रुतून बसल्या. उघड्या तळावरचं मीठ आणि शेतांतून वाहून आलेली कीटकनाशकं वाऱ्यासोबत गावांवर येऊ लागली.

याच चित्रमालिकेत एक उलटी नोंदही आहे. कझाकस्तानने जागतिक बँकेच्या मदतीने २००५मध्ये कोक-अरल धरण पुरं केलं आणि सिर दर्याचं पाणी उत्तर अरलमध्ये अडवलं. तिथली पातळी चढली, खारेपणा उतरला, मासेमारी पुन्हा सुरू झाली. दक्षिणेच्या वाट्याला मात्र त्यातलं फारसं काही आलं नाही.

लँडसॅटचा संग्रह २००८पासून सर्वांना मोफत मिळू लागला. त्यातल्या सुमारे ३० लाख चित्रांवरून युरोपीय संशोधकांनी २०१६मध्ये ताळा मांडला: तीन दशकांत जगातलं सुमारे ९० हजार चौरस किलोमीटर कायमचं पाणी नाहीसं झालं. त्याच काळात त्याच्या जवळपास दुप्पट क्षेत्रावर नवं पाणी साठलं, तेही बरंचसं धरणांच्या जलाशयांत. अरलवरचा निर्णय असाच जमिनीवर झाला होता, उपग्रहाने तो फक्त नोंदवला. काठ पुन्हा पुढे सरकला तोही उत्तरेला कुणी बांध घातल्यावरच.